नगराचा ओटा कोणासाठी?

रायपूर शहराच्या उत्तरेला लागून असलेले बीरगांव आपल्या रेल्वेतील पुष्कळ साथींना परिचयाचे आहे. नागपूर, रायपूर आणि बिलासपूर हे तिन्ही विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत असल्यामुळे गोंदिया-नागपूरकडील मराठी कर्मचाऱ्यांचे या पट्ट्यात नोकरीनिमित्त जाणे-येणे असते. उरकुरा स्टेशन आणि वॅगन दुरुस्तीचा कारखाना येथून दूर नाहीत. उरला औद्योगिक क्षेत्राच्या आसऱ्याने हे गाव वाढले आणि आज तेथे स्वतंत्र नगर निगम आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत राबणारा, बहुतांशी कंत्राटी आणि परप्रांतातून आलेला कामगार हीच या गावाची खरी ओळख आहे.

अशा गावातील कामगाराच्या रोजच्या गरजा कोण भागवतो? मोठे दुकान नव्हे. त्याची दाढी-कटिंग करणारा, फाटकी चप्पल शिवणारा, भाजी-भाकरी देणारा आणि महिनाअखेरीस उधार लिहून ठेवणारा रस्त्याकडेचा माणूसच भागवतो. ह्या छोट्या धंदेवाल्याला सरकारी तिजोरीतून मदत द्यावी की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. मदत सुरू झालेली आहे. ती कोणाला मिळते, तिच्या बदल्यात कोणाची सोय होते आणि हे ठरवतो कोण, हे खरे प्रश्न आहेत. ते बीरगांवचे आहेत तसेच नागपूर, सोलापूर आणि भुसावळचेही आहेत.

छत्तीसगड सरकारने २०१९ च्या अखेरीस ‘पौनी-पसारी’ योजना आणली. त्या वेळच्या सर्व १६६ नागरी संस्थांमध्ये, म्हणजे बीरगांव धरून, पारंपरिक धंदे करणाऱ्यांसाठी २५५ बाजार बांधावयाचे आणि त्यासाठी सुमारे ७३ कोटी रुपये द्यावयाचे असे ठरले. हिशेब केला तर एका बाजाराच्या वाट्याला सरासरी साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास रक्कम येते. न्हावी, धोबी, चांभार, कुंभार, लोहार, फुलवाले, बांबूच्या वस्तू करणारे यांना छपराखालचा ओटा मिळावा आणि त्यातील निम्मी जागा स्त्रियांना मिळावी, अशी ही कल्पना.

‘पौनी’ म्हणजे काय हे मराठी वाचकाला फोड करून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे जे बारा बलुतेदार, तेच छत्तीसगडच्या खेड्यात पौनी. गावाची सेवा करायची आणि सुगीत धान्य घ्यायचे. कारखान्याच्या मालाने हे धंदे मोडले, हात मोकळे झाले आणि ते हात शहराच्या रस्त्यावर आले. त्यांना उन्हा-पावसापासून आडोसा आणि बसायला हक्काची जागा देणे हे चांगलेच काम आहे. आम्ही त्याचे स्वागत करतो.

परंतु बलुतेदारीला दुसरी बाजू होती, ती विसरून चालणार नाही. गावचा न्हावी सर्वांचा न्हावी नव्हता. आपल्या मराठवाड्यात असो की छत्तीसगडमध्ये, दलितांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, त्यांचे कपडे धुवायचे नाहीत, हा त्या व्यवस्थेचा अलिखित नियम होता. म्हणून सरकारी पैशातून बांधलेल्या ओट्याला जुने नाव देताना जुनी रीत मागच्या दाराने येणार नाही, याची खात्री कोणी तरी घेतली पाहिजे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने सर्वांना खुली केली आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणाने माल किंवा सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. तेव्हा ओटा देताना करारपत्रात एक साधी अट घालणे कठीण नाही: येथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सेवा मिळेल, जात, धर्म, भाषा विचारली जाणार नाही, नकार दिल्यास ओटा परत घेतला जाईल. जनतेचा पैसा घेणाऱ्याने जनतेतील सर्वांची सेवा केली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

धंदेवाईक लोक अशी अट मानतील काय, अशी शंका काही जण घेतील. त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. नारायण मेघाजी लोखंडे हे भारतीय कामगार चळवळीचे जनक. गिरणीत भांडारपाल होण्यापूर्वी त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यातही नोकरी केली होती, ही गोष्ट आपल्या दोन्ही खात्यांतील वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. १८९० साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. धंदा करणारा माणूस संघटित झाला की आपले कसब अन्यायासाठी वापरू देणार नाही असे म्हणू शकतो, हे त्या वस्तरेवाल्यांनी एकशे पस्तीस वर्षांपूर्वी दाखवून दिले. मग आज त्यांच्याच वारसांकडून समतेची अपेक्षा करण्यात गैर ते काय?

दुसरा प्रश्न जागेचा आणि वेळेचा. कामगार वस्तीतील गिऱ्हाईक पाळीप्रमाणे चालते. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पहाटे चहा-नाश्ता हवा, तिसऱ्या पाळीहून परतणाऱ्याला सकाळी. बाजार जर ठेकेदाराच्या सोयीने, रिकाम्या सरकारी जमिनीवर, वस्तीपासून दूर बांधला तर तेथे विकणारा जाणार नाही आणि घेणाराही फिरकणार नाही. मग ओटे ओस पडतात आणि ‘या लोकांना सुधारायचेच नाही’ असा शेरा मारून साहेब मोकळे होतात. दोष माणसांचा नसतो, त्यांना न विचारता काढलेल्या नकाशाचा असतो. चाकाच्या खुर्चीवरील अपंग गिऱ्हाइकासाठी उतार, रात्री उशिरा येणाऱ्या कामगार भगिनीसाठी दिवा आणि स्वच्छतागृह, ही कामे बांधकामाच्या वेळीच करावी लागतात.

विचारायचे कोणी, याचे उत्तर कायद्यात आहे. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा म्हणतो की प्रत्येक नगरात विक्रेता समिती असावी. आयुक्त तिचे अध्यक्ष असले तरी किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावेत, त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना त्यात योग्य स्थान असावे. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवू नये, असेही हा कायदा सांगतो. कागदावर हा कायदा उत्तम आहे. अंमलबजावणीचे मात्र काय? मुंबईसारख्या शहरात या समितीसाठी फेरीवाल्यांचे मतदान व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. दहा वर्षे गेली! जेथे मुंबईच्या फेरीवाल्याला दहा वर्षे थांबावे लागते, तेथे लहान नगरांत ही समिती आपोआप कामाला लागेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

तिसरी गोष्ट कर्जाची. जून २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली. टाळेबंदीत भांडवल खाऊन बसलेल्या पथविक्रेत्याला आधी १० हजार, ते फेडल्यावर २० हजार आणि नंतर ५० हजार रुपये, आणि वेळेवर हप्ता भरल्यास व्याजात ७ टक्के सवलत, असे तिचे स्वरूप होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे १५ आणि २५ हजारांचे करण्यात आले आणि योजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली. जुलै २०२५ अखेर ६८ लाखांहून अधिक विक्रेत्यांना कर्जे मिळाली, असे सरकार सांगते. सावकाराच्या दारातून माणूस सुटत असेल तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. परंतु कर्ज हे कर्जच असते, ते अनुदान नव्हे. पंधरा हजारांचा माल भरलेली गाडी दुसऱ्या दिवशी अतिक्रमणवाल्यांनी उचलून नेली तर हप्ता कोठून भरायचा? एका हाताने कर्ज आणि दुसऱ्या हाताने जप्ती, असा कारभार चालू देता कामा नये. कर्जाच्या आधी जागेचा हक्क, हा क्रम सोडून चालणार नाही.

आता आपल्या घरातील गोष्ट. हा २०१४ चा कायदा रेल्वेच्या जमिनीला आणि गाड्यांना लागू नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेले आहे. म्हणजे स्टेशनच्या हद्दीबाहेर बसणारी भाजीवाली कायद्याची हक्कदार, आणि चार पावले आत आली की १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४४ व्या कलमाखाली गुन्हेगार! सुरक्षिततेचे नियम हवेत, याबद्दल रेल्वे कामगाराला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेत २०२२ पासून रेल्वेने स्थानिक कारागिरांना स्टेशनवर विक्रीसाठी जागा दिली आहे. याचा अर्थ, मनात आले तर रेल्वेला जागा सापडते. मग वर्षानुवर्षे स्टेशनच्या आधाराने जगणाऱ्यांची रीतसर पाहणी करून त्यांना परवाने देण्याचा मार्ग का निघू नये? आपल्या संघटनांनी हा विषय प्रशासनासमोर मांडला पाहिजे.

‘हे व्यापारी, आपण कामगार, आपला काय संबंध?’ असे म्हणणारे साथी आहेत. त्यांना आम्ही परळ-लालबागची आठवण देऊ. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकारीत बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडले. त्या बायकांनी दिलेल्या उधारीच्या जेवणावर संपाच्या दिवसांत कामगार तग धरून राहिला. छोट्या धंद्याला मिळालेला सार्वजनिक पैसा, दुर्लक्षित स्त्रीचा स्वाभिमान आणि कामगाराचे पोट ही तिन्ही एका माळेत कशी ओवता येतात, याचा हा धडा आहे. त्या बायकांनी एकजूट केली नसती तर बँकेने त्यांना उभे केले नसते.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बीरगांव असो वा आपले गाव, नगर संस्थेने ओटे कोणाला दिले, किती स्त्रियांना दिले, किती वापरात आहेत, याची यादी दरवर्षी फलकावर लावावी. विक्रेता समिती निवडणुकीने बनवावी आणि तिची इतिवृत्ते खुली असावीत. बाजाराची जागा ठरवताना त्या वस्तीतील कामगारांचे म्हणणे ऐकावे. सेवा नाकारण्याविरुद्धची अट प्रत्येक करारात असावी. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर संस्थांच्या कामांच्या यादीत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन घातलेले आहे. तेव्हा ही मागणी मेहेरबानीची नाही, कर्तव्याची आहे.

आणि आपण? टपाल खात्यातील साथी गल्लीबोळात फिरतात. कोणत्या खोलीत कोण राहते, कोणाच्या नावाला पत्ताच नाही, हे पोस्टमनइतके कोणाला ठाऊक असते? पाहणीच्या यादीतून सुटलेल्यांना अर्ज भरायला, कागद जमवायला सुटीच्या दिवशी तासभर मदत करणे अवघड नाही. रेल्वेतील साथींनी आपल्या शाखेच्या पुढील सभेत स्टेशन परिसरातील विक्रेत्यांचा विषय घ्यावा आणि त्यांच्यापैकी दोघांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. आपल्या पगाराची, महागाई भत्त्याची लढाई आपण लढतोच आहोत आणि लढत राहू. परंतु ज्याच्या ओट्यावर आपण चहा पितो, त्याला बसायला हक्काची जागा नसेल, तर आपल्या एकजुटीचा परीघ अजून अपुरा आहे. तो वाढवण्याचे काम शाखाशाखांतून सुरू व्हावे.