'अनुकूल' कोणी व्हायचे?

जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ साली सुरू झालेल्या, बीडचाही समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या इंग्रजी नावातील 'रेझिलियंट' हे विशेषण शासकीय मराठीत 'हवामान अनुकूल' झाले. भाषांतर फसले म्हणून कोशकार हळहळतील. आमच्या मते ते नको तितके अचूक आहे. परिस्थिती प्रतिकूल असताना अनुकूल कोणी व्हायचे, हा प्रश्न त्या शब्दाने परस्पर निकालात काढला आहे.

परिसंस्था धक्का पचवून कशी टिकते, याचे वर्णन करण्यासाठी हॉलिंग यांनी १९७३ मध्ये ही संज्ञा परिसरविज्ञानात रुजवली. जपानमधील ह्योगो येथे २००५ साली संमत झालेल्या आराखड्याने तिला आपत्तिधोरणाचे उद्दिष्ट केले आणि वर्णनाचा आदेश झाला. वास्तविक १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राला 'हमी' हा वेगळाच शब्द मिळाला होता. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात अधिकार मजुराचा होता, कर्तव्य शासनाचे. (अंमलबजावणीची रड निराळी, निदान मोडलेल्या वचनाचा जाब विचारता येत होता.) लवचिकतेचा जाब कोणाला विचारणार? जो वाकला नाही, दोष त्याचाच.

बीडमध्ये या टिकण्याचा हिशेब शरीरावर मांडला जातो. मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोचा 'कोयता' ऊसतोडीला जातो. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीही परवडत नाही. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. धोरणाच्या परिभाषेत या स्त्रिया अनुकूलनाचा आदर्शच ठरतील, कारण हंगाम बुडत नाही, उचल फिटते, कुटुंब पुढल्या दुष्काळाला तयार राहते. सावरणे आणि झिजणे यांतला फरक जिला दिसत नाही, ती संज्ञा विश्लेषणाच्या काय कामाची?

मात्र शासनावर खापर फोडून समीक्षकाची सुटका होत नाही. ग्रामीण कादंबरीच्या परीक्षणांतून 'चिवट जीवनेच्छे'ची आणि 'दुर्दम्य आशावादा'ची प्रशस्तिपत्रे आपण किती वर्षे वाटत आलो! भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल'मधला बाप भाव न मिळालेले टोमॅटो भर बाजारात स्वतःच तुडवतो. त्या तुडवण्यात सावरणे नाही, नकार आहे. त्या नकारासाठी आपल्या परिभाषेत शब्द नाही, म्हणून परीक्षेच्या टिपणांत तोही सोशिक शेतकरी होऊन बसतो.