उकळून गार!

मुलांनो, चहाचं आधण उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तर पाणी आणखी तापतं का? नाही! १०० अंशांवरच अडून बसतं. मग एवढी उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात! एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला १ कॅलरी पुरते. पण उकळत्या ग्रॅमभर पाण्याची वाफ करायला तब्बल ५४० कॅलरी लागतात. उकळणारा द्रव असा खादाड असतो.

आता जहाजावर चला. 'क्वीन मेरी २' हे २००४ साली सुरू झालेलं प्रचंड प्रवासी जहाज विजेच्या चार मोटरींवर चालतं. एकेक मोटर २१.५ मेगावॉटची! २०१० साली बार्सिलोनाजवळ तिथल्या विजेच्या यंत्रणेतला एक कपॅसिटर फुटला, चारही मोटरी थांबल्या आणि जहाज तासभर नुसतं तरंगत राहिलं. वीज रुसली की जहाज लुळं!

तिथे कारण वेगळं होतं. पण विजेचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. मोटरींना हवी तशी वीज पुरवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या. त्यांच्यात शंभरातले दोनच भाग वाया गेले असं धरा. २० मेगावॉटमागे ४०० किलोवॉट उष्णता झाली. म्हणजे दोन किलोवॉटच्या २०० शेगड्या, त्याही बंद कपाटांत!

समुद्राचं पाणी सोडावं, तर खारं पाणी धातू खातं. गोडं पाणी नळ्यांतून खेळवतात खरं, पण ते गळलं तर शॉर्टसर्किटची भीती.

म्हणून अभियंत्यांनी आपला खादाड कामाला लावला. 'आर-१३४ए' हा एसीतला द्रव दाबाखाली चकत्यांखालच्या धातूच्या पट्टीतून पंपाने फिरवायचा. तो ३०-४० अंशांनाच उकळतो आणि उष्णता गिळतो. त्याची वाफ दुसरीकडे समुद्राच्या पाण्याने गार करायची, की पुन्हा द्रव! दहा अंश तापणारं किलोभर पाणी जेवढी उष्णता नेतं, त्याच्या जवळजवळ चौपट हा किलोभर द्रव उकळताना नेतो. शिवाय गळला तरी त्यातून वीज वाहत नाही.

पण एक खोड आहे. हवेत सुटला तर तो पृथ्वीला तापवतो. म्हणून असे वायू कमी करायचं २०१६ साली किगाली इथे जगातल्या देशांनी ठरवलं. चकत्या गार करताना पृथ्वी तापवून कसं चालेल? याहून शहाणा द्रव हवा. तो तुमच्यापैकी कुणी शोधाल का?

करून पाहा : हाताच्या पाठीवर सॅनिटायझरचा थेंब चोळा आणि फुंकर मारा. गार का वाटलं, सांगा बरं!