कच्च्या लिंबाचे अर्थशास्त्र

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी कुटुंबे पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आता आढळू लागली आहेत. भाषा आणि गणित घरी शिकवता येते, परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येते. परंतु लगोरी एकट्याने खेळता येत नाही. म्हणून अशी चार-सहा कुटुंबे एकत्र आली, की सहा वर्षांच्या मुलापासून चौदा वर्षांच्या मुलीपर्यंत सारे एकाच खेळात उतरतात. त्यांत कोणी चपळ, कोणी स्थूल, कोणी अधू दृष्टीचे, तर कोणी सूचना उशिरा उमजणारे. या मैदानावर कोणता न्याय चालावा, हा प्रश्न वरकरणी पोरखेळाचा वाटला, तरी त्याचे उत्तर साऱ्याच शाळांना द्यावे लागणार आहे.

आपल्या बहुतेक शाळांनी ते निवडीने दिले आहे. कबड्डीला मैदानात सात गडी, खो-खोला नऊ. साठांच्या वर्गातील उरलेल्यांनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या. ज्याला खेळाची गरज सर्वाधिक, तोच प्रथम वगळला जातो. घरी शिकणाऱ्या मुलांच्या गटाला ही चैन परवडत नाही. जेथे खेळगडीच आठ-दहा, तेथे एकाला घरी धाडले की खेळ मोडतो. दुर्मिळतेने मोल वाढते, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक नियम येथे लहानग्यांच्या कामी येतो.

अशा विषम गटासाठी आपल्या गल्लीबोळांनी फार पूर्वीच एक तोड काढलेली आहे. धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घ्यायचे. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. या प्रथेत माया आहे, हे निःसंशय. परंतु तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. जो कधी बाद होत नाही, त्याच्या खेळण्याने निकालही बदलत नाही. चार वर्षांच्या पोराला ही सवलत गोड वाटते. बारा वर्षांच्या मुलाला ती झोंबते. दया आणि सहभाग या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग सहभाग कसा साधावा? अंधांच्या क्रिकेटकडे पाहावे. तेथे अकरांच्या संघात किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावेच लागतात. उरलेले अंशतः पाहू शकणारे. चेंडू खुळखुळणारा, तो हाताखालून टाकायचा. पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते आणि त्याने एका टप्प्यानंतर घेतलेला झेलही ग्राह्य मानतात. येथे कोणी कच्चा लिंबू नाही. दुर्बळाला सूट दिलेली नसून त्याच्या कर्तृत्वाचे माप बदलले आहे. परिणामी अधिक दिसणारा जोडीदार त्याला हाका मारून सांभाळतो, कारण संघाचा विजय त्याच्यावाचून शक्य नसतो. भारताने 2012 साली अंधांचा टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला तो याच नियमांनी खेळून.

उत्तेजनाच्या शब्दांनाही हाच विचार लागू पडतो. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. गटातील पटाईत मुलाला दिवसातली दहावी शाबासकी मिळाली, तर तिचे त्याला फारसे अप्रूप नसते. तीच शाबासकी कधीच न मिळालेल्या मुलाला पहिल्यांदा मिळाली, तर तो दुसऱ्या दिवशी वेळेआधी मैदानावर हजर होतो. मात्र नाणे खरे हवे. हुकलेल्या चेंडूवर 'काय सुरेख!' असे ओरडणे ही खोट्या नोटांची छपाई आहे, आणि मुले ती तत्काळ ओळखतात. 'कालच्यापेक्षा चेंडू सरळ आला', एवढे नेमके वाक्य पुरते. ते थोरल्या मुलाच्या तोंडून आले, तर शिक्षकाच्या भाषणाहून अधिक काम करते.

यावर आक्षेप येईल, की अशाने गुणवंतांचे नुकसान होईल. तो अगदीच निराधार नाही. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याविना कौशल्य तासले जात नाही. म्हणून स्पर्धेसाठी निवडक संघ आणि स्वतंत्र सराव अवश्य असावा. परंतु शारीरिक शिक्षणाचा तास ही संघनिवडीची चाचणी नव्हे. शिवाय सहा वर्षांच्या मुलाला झेलता येईल असा चेंडू टाकताना थोरल्याला आपल्या जोरावर ताबा ठेवावा लागतो. तोही खेळाचाच अभ्यास आहे.

दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देण्याचे बंधन 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनमान्य शाळांवर घातले आहे. चार कुटुंबांनी जमवलेल्या खेळाला हे कलम लागू होत नाही. तेथे पालकांची सद्बुद्धी हाच कायदा. शाळांना मात्र ती पळवाटही नाही. आठवड्यातील निदान एका तासाला गुरुजींनी मुलांनाच विचारावे: आज नियम कोणता बदलला, तर कोणीही कडेला उभे राहणार नाही? मुले त्याचे उत्तर काढतील. तसे नियम त्यांनी गल्लीत अनेकदा केलेले आहेत. शाळेने त्यांना आजवर विचारलेले नाही, एवढेच.