नोकरी दोनदा गेली तर? ईएसआयचा भत्ता आयुष्यात एकदाच!

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण घरातलं कोणी माळेगाव नाहीतर मुसळगावच्या कारखान्यात जात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे ०.७५ टक्के कापलेले असतात. मालक ३.२५ टक्के भरतो. १२ हजार पगाराला तुमचे ९० आणि त्याचे ३९०, म्हणजे महिन्याला ४८० रुपये. त्यातून दवाखाना मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरी गेली तर भत्ताही मिळतो, हे किती जणांना माहीत आहे? अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८ पासून आहे.

तेव्हाचे नियम ऐका. पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. तेही नोकरी जाऊन ९० दिवस झाल्यावर. म्हणजे आधी तीन महिने किराणावाल्याच्या उधारीवर जगा, मग मागा. आणि अर्ज जायचा जुन्या मालकामार्फत! ज्याने गेटबाहेर काढलं त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहायचं.

२०२० ला लॉकडाऊन लागला आणि नियम बदलले. २५ चे ५० टक्के झाले, ९० दिवसांची वाट ३० वर आली, अर्ज थेट शाखा कार्यालयात. आभाळ कोसळलं का? नाही. पण ही सवलतसुद्धा कायमची केली नाही, मुदत घालून दिली. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. कामगाराचा हक्क आहे की एसटीचा मासिक पास?

दोन अटी मात्र तशाच. एक, आधी किमान २ वर्षं विमा असलेली नोकरी हवी. आपल्याकडे ठेकेदार सात महिन्यांनी, अकरा महिन्यांनी 'ब्रेक' देतो, हे शेंबडं पोरगंही सांगेल. २३ महिने पैसे कापून घेतले आणि चोविसाव्याला काढलं, तर हातात काय? भोपळा. नोकरी सगळ्यात आधी ज्याची जाते, नेमका तोच बाहेर.

दुसरी अट तर डोकं फिरवणारी. भत्ता आयुष्यात एकदाच. लॉकडाऊनमध्ये पंचविशीत घेतला असेल, तर साठीपर्यंत विषय संपला. पगारातून कपात मात्र दर महिन्याला चालूच! कारखाना आयुष्यात एकदाच बंद पडतो, असं यांना कोणी सांगितलं?

काही जण म्हणतील, बसून पैसे दिले तर पोरं कामावर येणार नाहीत. अहो, १२ हजारवाल्याला महिना ६ हजार, तेही तीनच महिने. एवढ्यावर कोण ऐश करतंय? खोलीचं भाडं आणि गॅस सिलेंडरलाच जातील. आणि ही सरकारी खैरात नाही, वर्गणी भरून घेतलेला विमा आहे.

मागणी साधी आहे. ५० टक्के आणि ३० दिवस कायमचे करा. २ वर्षांची अट १ वर्षावर आणा. भत्ता घेतल्यावर पुन्हा २ वर्षं वर्गणी भरली की पुन्हा हक्क द्या. महामंडळाचे अध्यक्ष केंद्रीय श्रममंत्री असतात, खासदारही सदस्य असतात. आपल्या खासदारांना पुढच्या सत्कारात हार घालताना हे विचारा.

आणि ज्यांच्या स्लिपवर कपात दिसते पण विमा क्रमांकावर तो महिना जमा दिसत नाही, त्यांनी इनबॉक्सला स्लिपचा फोटो पाठवा. तुमचं नाव कुठेही येणार नाही.