उजवे हृदय आणि सिस्टरच्या हातातला ऑक्सिजन

फुफ्फुसाच्या जुनाट आजाराने हृदयाची उजवी बाजू जाड होते, फुगते आणि शेवटी थकते, तेव्हा त्या अवस्थेला कॉर पल्मोनेल म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६१ मध्ये त्याची व्याख्या केली. मूळ बिघाड फुफ्फुसाच्या रचनेत किंवा कार्यात हवा, हृदयाच्या डाव्या बाजूचा किंवा जन्मजात दोषाचा तो परिणाम नसावा, ही त्या व्याख्येतली महत्त्वाची अट. हृदय, रक्तवाहिन्या आणि फुफ्फुस या तिन्हींना एकत्र धरणारा याच्याइतका चांगला धडा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना दुसरा मिळणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात श्वसनसंस्था आणि रक्ताभिसरण संस्था ही दोन वेगळी एकके आहेत. शिकवण्याच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. पण जयपूरच्या उत्तरेला सीकर रस्त्यावर वसलेल्या चौमूंसारख्या तहसिलीच्या गावी, एखाद्या ढाणीतून, म्हणजे शेतातल्या वस्तीतून, पन्नाशीची बाई धापा टाकत, सुजलेल्या पायांनी येते, तेव्हा ती एका एककात बसत नाही. तिचा खोकला वीस वर्षांचा असतो आणि पायांची सूज महिन्याभराची.

खोकला आणि सूज यांच्यामधला दुवा म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की तिथली रोहिणी सैल होते आणि जास्त रक्त येऊ देते. फुफ्फुसात याच्या उलट घडते. ज्या वायुकोशांत ऑक्सिजन कमी, तिथली वाहिनी आवळते आणि रक्त चांगल्या वायुकोशांकडे वळवते. स्वीडनच्या ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये हे मांजरांत दाखवून दिले. न्यूमोनियाने फुफ्फुसाचा एखादाच भाग बंद पडला असेल तर ही युक्ती जीव वाचवते. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजारात, मात्र ऑक्सिजन सगळीकडेच कमी असतो, त्यामुळे सगळ्याच वाहिन्या आवळतात. वर्षानुवर्षे तसे राहिले की त्यांच्या भिंती जाड होतात, आणि एम्फिसीमाने केशवाहिन्यांचे जाळेच नष्ट केले असेल तर रक्ताला वाट आणखी अरुंद होते. निरोगी माणसाच्या फुफ्फुस रोहिणीतला सरासरी दाब सुमारे १४ मिलिमीटर पारा असतो, म्हणजे महारोहिणीतल्या दाबाचा जेमतेम सहावा हिस्सा. तो २० च्या वर गेला की पल्मोनरी हायपरटेन्शन मानतात. उजवे व्हेंट्रिकल पातळ भिंतीचे, कमी दाबावर भरपूर रक्त ढकलण्यासाठी घडलेले असते. वाढलेला दाब ते काही वर्षे सोसते. मग एखाद्या हिवाळ्यात छातीत संसर्ग होतो, ऑक्सिजन आणखी घसरतो आणि हृदय हात टेकते. मागे साचलेले रक्त मानेच्या शिरांत, यकृतात आणि पायांत दिसू लागते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या बिघाडामुळे मूत्रपिंडेही मीठ व पाणी धरून ठेवतात, म्हणून सुजेचा सगळा दोष हृदयाच्या पंपावर टाकता येत नाही.

या आजारात भारतीय बायकांचे प्रमाण इतके का, या प्रश्नाला दिल्लीतल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी पहिल्यांदा नीट हात घातला. कॉर पल्मोनेलच्या १२७ रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९५९ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात आला. पाश्चात्त्य देशांत हा सिगारेट ओढणाऱ्या उतारवयातल्या पुरुषांचा आजार मानला जात होता. इथे धूम्रपान न करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आणि पुरुषांपेक्षा लहान वयात आजारी पडत होत्या. बोट चुलीच्या धुराकडे गेले. पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतल्या सीओपीडीचा आढावा घेतला, आणि जळणाचा धूर हे जगातले त्याचे सर्वात मोठे कारण असू शकते असे मांडले. मधली पन्नास वर्षे मात्र रुग्णाला ‘बिडी ओढता का’ एवढेच विचारले गेले. राजस्थानात आजही गोवऱ्या, बाभळीची लाकडे आणि मोहरीच्या काटक्या जळतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिथल्या निम्म्याहून कमी घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन आढळले. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, पण गॅस घरात असूनही बाजरीच्या रोट्या चुलीवरच भाजल्या जातात, कारण दुसरा सिलिंडर भरायला पैसे लागतात. नंदुरबार, गडचिरोलीच्या सिस्टरांना हे वेगळे सांगायला नको. केसपेपरवर ‘नॉन-स्मोकर’ लिहून थांबू नये. किती वर्षांची असल्यापासून चुलीपुढे बसते, रोज किती तास, आत की उघड्यावर, हे त्याच ओळीत यायला हवे.

धूर हे एकच कारण नाही. क्षयरोग बरा झाल्यावर उरलेले व्रण आणि ब्राँकिएक्टॅसिस फुफ्फुसाला तितकेच निकामी करतात. अशा रुग्णाला पुन्हा पुन्हा टीबीची औषधे सुरू होताना दिसतात, म्हणून थुंकीची तपासणी झाली आहे का, हे विचारण्याची हिंमत परिचारिकेने ठेवावी. करौली, धौलपूर, जोधपूरच्या वालुकाश्माच्या खाणींत आणि दौसा जिल्ह्यातल्या सिकंदऱ्याच्या कोरीवकामात सिलिकाची धूळ तरुण कामगारांना आजारी पाडते. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये न्यूमोकोनिऑसिससाठी स्वतंत्र धोरण आणले. प्रमाणपत्र मिळाले तरच त्यातली मदत मिळते, आणि प्रमाणपत्राची सुरुवात रुग्णाच्या व्यवसायाच्या नोंदीतून होते. ‘मजूर’ हा शब्द तिथे पुरेसा नाही. दगड कापतो, घडवतो की दळतो, आणि किती वर्षे, हे लिहावे लागते.

तरुण बाईला धाप आणि खोकल्यातून रक्त असेल तर संधिवाती ज्वराने आकुंचन पावलेली मायट्रल झडप डोळ्यांपुढे यावी. तिथे दाब डाव्या बाजूकडून मागे चढतो, उपचार वेगळे असतात आणि बाळंतपण जिवावर बेतू शकते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली आणि अचानक धाप लागली, तर शिरेतली गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका घेऊन लगेच डॉक्टरांना बोलवावे. बाळंतिणीच्या अशा पायाची मालिश करू देऊ नये.

पलंगाशेजारी सर्वात आधी पाहायची गोष्ट म्हणजे मान. चौमूंच्या परिसरात वयस्क बाया घुंगट सहजी सरकवत नाहीत. पडदा ओढून, पुरुष नातेवाइकांना बाहेर पाठवून, विचारूनच मान उघडी करावी. डोक्याकडची बाजू ४५ अंशांवर उचलून, उजेड आडवा घेऊन शीर पाहावी. सीओपीडीत श्वास सोडताना मानेच्या शिरा तशाही भरतात. आत श्वास घेतानाही त्या उतरत नसतील तर उजवे हृदय थकल्याचा तो पुरावा धरावा. फुफ्फुस फुगल्याने श्वासपटल खाली जाते आणि यकृत हाताला लागते, म्हणून केवळ यकृत लागले यावर विसंबू नये. सूज केव्हापासून आहे हे रुग्णाला नेमके सांगता येत नाही, पण पायातली चांदीची कडी कधीपासून रुतते आहे, हे बहुतेकींना आठवते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात सूज पायाऐवजी माकडहाडाशी शोधावी. वजन रोज एकाच वेळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर घ्यावे.

ओठांचा निळेपणा फसवा असतो. रक्तात प्रत्येक १०० मिलिलिटरमागे सुमारे ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असेल तेव्हाच तो दिसतो. २०१९–२१ च्या त्याच पाहणीत राजस्थानातल्या आणि महाराष्ट्रातल्याही निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. अशा बाईचा ऑक्सिजन धोकादायक पातळीला जाईपर्यंत ओठ नुसते फिकट राहतात. म्हणून पल्स ऑक्सिमीटर हवाच. पण जानेवारीच्या पहाटे गार पडलेल्या बोटावर, गडद मेंदीवर किंवा नेलपॉलिशवर त्याचा आकडा भरवशाचा नसतो. हात गरम करावा, दुसरे बोट घ्यावे, आणि स्क्रीनवरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळते का ते पाहावे. बोटांची टोके गोल फुगलेली दिसली तर ते सीओपीडीच्या खात्यावर टाकू नये. कर्करोग, ब्राँकिएक्टॅसिस किंवा फायब्रोसिसचा शोध घेण्यासाठी डॉक्टरांना सांगावे.

यानंतर येतो ऑक्सिजन, आणि इथे परिचारिकेचा निर्णय जितका निर्णायक असतो तितका या आजारात दुसरीकडे कुठेच नसतो. चौमूंहून जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयापर्यंत तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. रुग्णवाहिकेत धाप लागलेल्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन देणे सगळ्यांनाच माणुसकीचे वाटते. टास्मानियात नेमक्या याच टप्प्याची चाचणी झाली आणि २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णालयात नेताना ४०५ रुग्णांपैकी काहींना मास्कने मिनिटाला ८ ते १० लिटर ऑक्सिजन दिला, तर काहींना सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्क्यांत राहील इतकाच मोजून दिला. पहिल्या गटात ९ टक्के दगावले, दुसऱ्यात ४ टक्के. सीओपीडीचे निदान पक्के असलेल्यांत तर मोजून दिलेल्या ऑक्सिजनने मृत्यूचा धोका ७८ टक्क्यांनी घटला.

कारण समजले की आकडा लक्षात राहतो. ऑक्सिजन भरमसाट दिला की आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि रक्त पुन्हा निकामी वायुकोशांकडे जाते. हिमोग्लोबिन धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड सोडते. श्वसनाची प्रेरणाही थोडी मंदावते. तिन्हींमुळे कार्बन डायऑक्साइड चढतो. रुग्णाचे डोके दुखते, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात, मग ती गुंगीत जाते, आणि सॅच्युरेशन ९९ दिसत असल्याने नातेवाइकांना वाटते की बरे वाटून झोप लागली. श्वासाची गती, जागेपणा आणि सॅच्युरेशन या तीन नोंदी म्हणूनच एकत्र लिहायच्या असतात.

नाकाच्या नळीने १ ते २ लिटरपासून सुरुवात करावी, किंवा २४ अथवा २८ टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क लावावा. हा मास्क मोरान कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये याच रुग्णांसाठी सुचवला. निळा तुकडा २४ टक्क्यांचा, पांढरा २८ चा, पण रंगापेक्षा तुकड्यावर छापलेले टक्के आणि लिटर वाचावेत. नेब्युलायझर सिलिंडरच्या ऑक्सिजनवर चालवला की दहा मिनिटे मिनिटाला ६ ते ८ लिटर नाकातोंडात जातात. त्यासाठी हवेचा कॉम्प्रेसर वापरावा आणि ऑक्सिजन नाकाच्या नळीने चालू ठेवावा. जास्त ऑक्सिजनवर गुंगी आलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन एकदम काढू नये. सॅच्युरेशन आधीच्यापेक्षाही खाली कोसळते. तो पायरीपायरीने कमी करावा आणि एबीजीसाठी, म्हणजे रोहिणीच्या रक्तातले वायू मोजण्यासाठी, डॉक्टरांना बोलवावे. सॅच्युरेशन जीवघेणे खाली असेल तर ८८–९२ च्या भीतीने ऑक्सिजन रोखणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण ऑक्सिजनची कमतरता कार्बन डायऑक्साइडपेक्षा लवकर जीव घेते. सिलिंडरचा हिशेबही वाहिकेत बसण्याआधीच करावा. सुमारे १५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर २ लिटरवर बारा तासांहून अधिक चालतो, १० लिटरवर अडीच तास.

औषधांत लक्ष ठेवायच्या जागा थोड्या आहेत. फ्युरोसेमाइड आणि सालब्युटामॉल दोन्ही पोटॅशियम खाली आणतात. त्यात डिगॉक्सिन असेल तर लय बिघडण्याचा धोका वाढतो. अस्वस्थ रुग्णाला झोपेचे इंजेक्शन देऊ नये, कारण ती अस्वस्थता ऑक्सिजन कमी पडल्याची असू शकते. स्टेरॉइड चालू असेपर्यंत साखर तपासावी. रोटाहेलर कसा ओढायचा हे सांगून भागत नाही, तो रुग्णाने समोर ओढून दाखवायचा असतो, आणि दाखवताना दहातले बरेच जण त्यात फुंकर मारतात.

डिस्चार्जच्या दिवशी घर डोळ्यांपुढे आणावे लागते. चूल बंद करणे जमणार नसेल तर ती उघड्यावर हलवणे, ओली काटकी न लावणे आणि रोट्या सुनेने किंवा मुलाने गॅसवर करणे, यातले काय होऊ शकेल हे घरच्यांशी बसून ठरवावे. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकसच्या लसींबद्दल विचारावे. १९८० आणि १९८१ च्या अमेरिकी व ब्रिटिश चाचण्यांनी दाखवले की रक्तातला ऑक्सिजन कायम फार कमी असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना घरी दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढते. रोहिणीच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर पारा किंवा त्याहून कमी असेल, किंवा कॉर पल्मोनेलची लक्षणे असताना ५६ ते ५९ असेल, तर हा उपचार सुचवतात, आणि तो आजार शांत असताना मोजलेल्या आकड्यावर ठरवतात, वॉर्डमधल्या तीव्र अवस्थेतल्या आकड्यावर नाही. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा एबीजी करायला बोलवण्याची तारीख कार्डवर लिहून द्यावी. कॉन्सन्ट्रेटर घरी नेणाऱ्यांना तीन गोष्टी घरच्या भाषेत सांगाव्यात: चूल, बिडी, हुक्का आणि देवापुढचा दिवा त्यापासून दूर राहावा. वीज गेली तर जवळ एक भरलेला सिलिंडर असावा. आणि यंत्रावरचा लिटरचा आकडा धाप लागली म्हणून घरच्यांनी वाढवू नये, त्याआधी दवाखान्याला फोन करावा.