मिठाच्या पोटातले गोदाम आणि शेजाऱ्यांची चावी

साठ्याचे महत्त्व व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. मंदीत माल भरायचा आणि ईदेच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर बाहेर काढायचा, यावरच आमचा कापड बाजार उभा आहे. ज्याचे गोदाम रिकामे, त्याला ऐन सीझनमध्ये दुसऱ्याच्या भावाने माल घ्यावा लागतो.

नैसर्गिक वायूचा हिशेबही नेमका असाच आहे. थंड मुलखात उन्हाळ्यात वायूला उठाव नसतो आणि हिवाळ्यात घरे गरम ठेवण्यासाठी तो कमी पडतो. ज्याच्याकडे साठा, त्याच्या हातात भाव. २०२२ साली युक्रेनच्या युद्धामुळे जगभर वायूचे दर भडकले, तेव्हा माझा माल जिथे रंगाईला जातो त्या प्रोसेस हाऊसच्या मालकाने जॉबचा दर वाढवून मागितला. कारण विचारले तर त्याने गॅसचे बिलच पुढे केले. वायूचा आणि आपला काय संबंध, असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून मला राहिली नाही.

मग वायूचे गोदाम बांधायचे कोठे? जगात यासाठी तीन-चार उपाय आहेत. त्यांपैकी एक म्हणजे जमिनीखालचा मिठाचा थर. शेकडो मीटर खोल असलेल्या या थरात विहीर खोदतात, गोडे पाणी सोडतात, मीठ विरघळले की ते खारे पाणी वर ओढून घेतात. असे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते आणि आत मोठी पोकळी तयार होते. तिचा आकार ध्वनिलहरींनी मोजत राहतात. मीठ हा चमत्कारिक पदार्थ आहे. खोलवरच्या दाबाखाली ते हळूहळू सरकते, बारीक भेगा आपोआप बुजवते आणि वायूला आरपार जाऊ देत नाही. अशा पोकळीतून वायू लवकर काढता येतो व लवकर भरता येतो. अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन येथे अशी गोदामे कैक वर्षे चालू आहेत. तेव्हा ही कल्पना वेडगळ नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पण प्रत्येक मालाबरोबर थोडा कचराही येतो. येथला कचरा म्हणजे खारे पाणी. एक घनमीटर मीठ विरघळवायला साधारण सात ते आठ घनमीटर पाणी लागते. म्हणजे पाच लाख घनमीटरची एक पोकळी करायची तर पस्तीस ते चाळीस लाख घनमीटर पाणी आणायचे आणि तितकेच खारे पाणी कोठेतरी टाकायचे. आजूबाजूच्या लोकांचा पहिला प्रश्न येथूनच सुरू होतो. पाणी कोणाचे घेणार? खारे पाणी कोणाच्या दारात सोडणार? दुसरा प्रश्न, वायू गळला तर? आणि तिसरा, कंपनी निघून गेल्यावर त्या पोकळीचा वाली कोण?

दुसरा प्रश्न उगाच घातलेली भीती नाही, हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या हचिन्सन शहराने पाहिले आहे. १७ जानेवारी २००१ रोजी तेथे भर बाजारात स्फोट होऊन दुकाने जळाली. दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या भागात आणखी एक स्फोट झाला आणि त्यात दोन माणसे मरण पावली. तपासात निघाले की सुमारे अकरा किलोमीटर दूर असलेल्या मिठातल्या साठ्यातून वायू गळत होता. पोकळी फुटली नव्हती, मिठाने दगा दिला नव्हता. पोकळीपर्यंत जाणाऱ्या एका विहिरीची पोलादी नळी वरच्या भागात खराब झालेली होती. ही विहीर पूर्वी बुजवून नंतर पुन्हा उघडलेली होती. तेथून सुटलेला सुमारे चौदा कोटी घनफूट वायू खडकांच्या थरांतून शहराखाली गेला आणि खारे पाणी काढण्यासाठी जुन्या काळी खोदलेल्या, पुढे विसरल्या गेलेल्या विहिरींतून वर आला. त्या विहिरींची पक्की नोंद कोणाकडे नव्हती.

आता कोणी म्हणेल, इंजिनियर मंडळींनी धडा घेतला, कॅन्ससने नियम कडक केले, विषय संपला. पण मला वाटते की धडा केवळ नळीचा नाही, नोंदीचाही आहे. आपल्या गल्लीत जुनी विहीर कोठे बुजवली हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते, नकाशाला नसते. ज्याने गोदाम बांधण्याआधी त्या म्हाताऱ्यांना विचारले नाही, त्याने स्वतःच्याच फायद्याची माहिती गमावली. लोकांशी बोलणे हा उपकार नव्हे, ती खातरजमा आहे.

दुसरा दाखला कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताचा. तेथे आल्टन नावाच्या गावाजवळ मिठाच्या थरात वायूचा साठा करण्याची योजना होती. उन्हाळ्यात स्वस्त वायू घ्यायचा, हिवाळ्यात ग्राहकांना द्यायचा, असा सरळ व्यापारी हिशेब. २००७ साली पर्यावरणाची मंजुरी मिळाली. पाणी शुबेनकडी नदीतून घ्यायचे आणि विरघळलेले मीठ पातळ करून त्याच नदीत सोडायचे, असे ठरले. या नदीत समुद्राची भरती आत येते, पाणी तसेही कमी-जास्त खारे होत असते, त्यामुळे फरक पडणार नाही, असे कंपनीचे म्हणणे. पण फंडीच्या उपसागरातील स्ट्राइप्ड बास नावाचा मासा अंडी घालायला आता याच एका नदीत येतो, असे जाणकार सांगतात. नदीकाठचे मूळ रहिवासी म्हणजे मिक्माक लोक. त्यांतील सिपेक्नेकाटिक समाजाने विचारले, आम्हाला कोणी विचारले?

येथे व्यापाऱ्याने कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. १७५२ साली इंग्रजांनी या मिक्माक लोकांशी तह केला होता. मासे, कातडी, पिसे जो काही माल असेल तो त्यांनी मोकळेपणाने विकावा आणि त्यांना गरज वाटली तर शुबेनकडी नदीवर व्यापाराचे कोठार बांधून द्यावे, असे त्या तहात कबूल केले होते. २०१६ साली विरोधकांनी त्याच नदीच्या काठावर त्या कोठाराच्या नावाने एक लाकडी झोपडी उभी केली. अडीचशे वर्षांपूर्वीचा करार त्यांनी अक्षरशः किनाऱ्यावर मांडला. त्याच वर्षी सरकारच्या वकिलाने कोर्टात असा युक्तिवाद केला की जिंकलेल्या लोकांशी सल्लामसलत करण्याचे बंधन सरकारवर नाही. त्यावर एवढा गहजब झाला की प्रांताच्या पंतप्रधानांवर दिलगिरीची भाषा करण्याची पाळी आली. करार केलेल्या माणसाला हरलेला म्हणणे ही कोणत्या बाजारातली रीत?

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. जानेवारी २०१७ मध्ये कोर्टाने सांगितले की मंत्र्याने समाजाचे अपील फेटाळताना न्याय्य पद्धत पाळली नाही. काही कागद त्यांना दाखवून उत्तराची संधीच दिली नव्हती. २०१९ मध्ये मंत्र्याने मंजुरी पुन्हा कायम केली. मार्च २०२० मध्ये कोर्टाने तो निर्णयही रद्द केला आणि सल्लामसलत परत सुरू करण्यास सांगितले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मंजुरीपासून चौदा वर्षे गेली. नळ टाकले, विहिरी खोदल्या, पगार दिले, वकील नेमले आणि एक घनफूट वायूही साठला नाही. ज्या ग्राहकांना हिवाळ्यात दिलासा मिळायचा होता, तेही रिकाम्या हाताने राहिले.

याच्या तुलनेत तुर्कस्तानातील तूझ गोल्यू, म्हणजे मिठाचे सरोवर, पाहा. तेथे सुलतानहानीजवळ एक हजार मीटरहून खोल मिठात पोकळ्या करून २०१७ साली साठा सुरू झाला. गोडे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या हिरफानली धरणातून नळाने आणले आणि खारे पाणी मूळच्याच खाऱ्या सरोवरात सोडले. जागतिक बँकेने कर्ज दिले ते पर्यावरणाच्या लेखी योजनेसह. तेथे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. कोरड्या पठारावर गोड्या पाण्याचा वाटा कोणाला, हा प्रश्न उरतोच. सरोवर २०२१ मध्ये दुष्काळाने मोठ्या प्रमाणात आटले होते. परंतु खारे पाणी कोठे जाणार, याचे उत्तर तेथे आधी होते. आल्टनला तेच वादाचे मूळ ठरले.

मी दुसऱ्याला शहाणपण शिकवतो असे वाटू नये म्हणून स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दाट वस्तीत एक गोदाम घेतले. परवाना खिशात होता. शेजारची मंडळी विचारायला आली तेव्हा मी तोच कागद दाखवला. एक वयस्क चाचा म्हणाले, "शेठ, परवाना ठीक आहे. पण रात्री आग लागली तर कुलपाची चावी कोणाकडे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चावी चार किलोमीटरवर माझ्या घरी असायची. मला त्या प्रश्नाचा रागच आला. पुढे तक्रारी झाल्या, काम थांबले आणि रमजानचा सगळा सीझन हातून गेला. शेवटी मी पाण्याची टाकी बसवली, वाळूच्या बादल्या ठेवल्या आणि एक चावी त्या चाचांच्या घरी दिली. यांत जो खर्च झाला तो एका सीझनच्या नुकसानीपुढे काहीच नव्हता. जे शेवटी केले ते पहिल्या दिवशी करायला हवे होते.

वायूच्या साठ्याबाबतही मागणी याहून वेगळी नाही. खोदाईपूर्वी जुन्या विहिरींची नोंद गावकऱ्यांना विचारून करा. पाणी कोठून आणि खारे पाणी कोठे, हे पहिल्या बैठकीत सांगा. दाबाची व पाण्याची मोजमापे कंपनीच्या नोकराने नव्हे तर तिसऱ्या माणसाने घ्यावीत आणि ती गावात सर्वांना पाहता यावीत. नुकसानभरपाईची रक्कम आधीच जमा असावी. आणि ठरलेली मर्यादा ओलांडली तर काम थांबवण्याचा हक्क कागदावर लिहिलेला असावा. ही त्या गोदामाची चावी आहे. ती शेजाऱ्याकडे असली पाहिजे. दुसरीकडे लोकांनीही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर निव्वळ अडवणुकीसाठी अडवू नये. वायू आपल्यालाही लागतो आणि त्याचे गोदाम कोणाच्या तरी शेजारी येणारच.

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे खनिज तेलाचे भूमिगत साठे आहेत, मात्र ते कठीण खडकात कोरलेले आहेत. मिठाच्या थरात तेल साठवता येईल का, याची राजस्थानात चाचपणी झाली आहे. मिठाचा थर तेथे आहे, पण पाण्याची काय स्थिती आहे हे सारे जाणतात. ज्या गावात बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते, तेथे लाखो घनमीटर पाणी मीठ विरघळवायला नेणार असाल, तर पहिला सवाल तीच बाई विचारील. तिच्या सवालाचे उत्तर यंत्रे पोहोचण्याआधी गावात पोहोचले पाहिजे.