अंगावर काढण्याची भाषा

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. आजार झाला असता औषध न घेता, रोजची कामे न थांबवता, तो आपणहून ओसरेपर्यंत सहन करीत राहणे, असा त्याचा साधा अर्थ. व्यवहारात मात्र या अर्थाला गौरवाची छटा चिकटली आहे. ‘माझी आई’ या विषयावरचे विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना, श्रद्धांजलीपर लेख वाचताना, व्यक्तिचित्रे शिकवताना हे वाक्य आम्हांस हमखास भेटते: तिने सारी दुखणी अंगावर काढली, पण कुणाला कळू दिले नाही. हेच एखाद्या पुरुषाविषयी लिहिले गेले, तर त्यात हळहळ आणि थोडी तक्रारही असते. बाईविषयी लिहिले गेले की ते प्रशस्तिपत्र होते.

या वाक्प्रचारात एक गृहीतक दडलेले आहे. दुखणे काही काळाने जाते, हे ते गृहीतक. ताप उतरतो, मुरगळलेला पाय सरळ होतो, म्हणून तो अंगावर काढता येतो. पण जे दुखणे दिवस जातील तसे वाढतच जाते, ते अंगावर काढायचे म्हणजे काय करायचे? रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाला येणारा शोष हे असे दुखणे आहे. आम्ही काही जणी मुरुड आणि लातूर परिसरात महाविद्यालयात मराठी शिकवतो. आम्ही साऱ्या चाळिशीत आहोत. म्हणजे हा विषय आमच्या आयांचा, थोरल्या बहिणींचा आहे, आणि लवकरच आमचाही होणार आहे. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. पण या दुखण्यावरचा उपचार जिथे अडतो, ती जागा बरीचशी भाषेची आहे, असे आमचे मत आहे.

आधी दुखणे काय, ते स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. पाळी बंद झाल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. त्यामुळे योनिमार्गाचे अस्तर पातळ होते, त्याची लवचीकता आणि ओलावा कमी होतो. तेथील आम्लता राखणारे उपकारक जीवाणू घटतात आणि जंतुसंसर्ग सहज होऊ लागतो. मूत्रमार्गाच्या ऊतीही याच संप्रेरकावर अवलंबून असल्याने लघवीला जळजळ, वारंवार आणि घाईने जावे लागणे, पुनःपुन्हा संसर्ग, हे त्रासही सुरू होतात. कोरडेपणा, आग, खाज, संबंधाच्या वेळी वेदना, क्वचित रक्त, ही त्याची लक्षणे. रजोनिवृत्त स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांना हा त्रास कमीअधिक होतो. अंगातून वाफा येणे, घाम फुटणे, हे रजोनिवृत्तीचे इतर त्रास बहुधा काही वर्षांत निवतात. शोष निवत नाही. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. तेव्हा पुढची २५-३० वर्षे हा प्रश्न सोबतीला असतो.

आता शब्दांकडे येऊ. ‘रजोनिवृत्ती’ हा आपला प्रमाण शब्द. त्यातील ‘निवृत्ती’ मराठी मनाला फार ओळखीची आहे. नोकरीतून निवृत्ती, संसारातून निवृत्ती, प्रवृत्तीच्या विरोधातली निवृत्ती. जे संपले, त्यातून मोकळे झालो, असा तिचा सूर. घरातल्या बोलीतही तोच आहे: ‘पाळी गेली, सुटले बाई एकदाची.’ त्या सुटकेला अर्थ आहेच. पण ज्या क्षणी शरीराला नव्याने लक्ष देण्याची गरज निर्माण होते, नेमक्या त्याच क्षणी भाषा सांगते की प्रकरण मिटले. मग पुढे होणाऱ्या त्रासाला नाव उरत नाही. लघवीची जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे, धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा प्यायचा. खाज सुटली की ‘अंगात उष्णता झाली’. संबंधाच्या वेळच्या वेदनेला तर काहीच म्हणायचे नाही, कारण ‘या वयात’ तो विषयच नसतो. एकाच कारणाची ही तीन लक्षणे तीन वेगळ्या कप्प्यांत पडतात, आणि बाई तीन वेगवेगळ्या उपायांच्या मागे धावते.

जुन्या परंपरेत शब्द नव्हता, असेही नाही. चरकसंहितेत २० योनिव्यापदांची यादी आहे आणि त्यांत ‘शुष्का’ आहे. ‘शोष’ हा शब्द तर आपल्या रोजच्या वापरातला आहे, घशाला शोष पडतो तो हाच. मराठवाड्यात कोरडेपणाच्या शब्दांची वाण कधीच नव्हती. कोरडवाहू, अवर्षण, टंचाई हे शब्द येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा त्या कोरडेपणाविषयी साऱ्या देशाने लिहिले. जमिनीच्या कोरडेपणाविषयी इतके बोलणारा आपला प्रदेश बाईच्या देहातल्या कोरडेपणाशी येऊन गप्प होतो.

हे केवळ आपलेच दुर्दैव आहे, असे मानण्याचे कारण नाही. इंग्रजीतही या अवस्थेला दीर्घकाळ जे नाव होते त्याचा अर्थ ‘क्षीण होऊन आक्रसणे’ असा होता. २०१४ साली त्या क्षेत्रातील दोन वैद्यकीय संस्थांनी ते नाव बदलून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असे केले. जुने नाव मूत्रमार्गाचे त्रास सांगत नव्हते, हे एक कारण. दुसरे असे की, ज्या शब्दांत ते नाव होते ते शब्द जाहीरपणे उच्चारणे लोकांना आणि प्रसारमाध्यमांना अवघड वाटत होते. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही. पण शब्दाअभावी रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचत नाही, हे वैद्यकालाही मान्य करावे लागले.

आता उपचाराविषयी. तो आहे, आणि फार अवघड नाही. सौम्य त्रासाला पाण्यात मिसळणारे वंगण व ओलावा टिकवणारी मलमे पुरतात. तेवढ्याने भागले नाही, तर योनिमार्गात लावण्याचे अल्पमात्रेतील इस्ट्रोजेन दिले जाते. आपल्याकडे ते इस्ट्रिऑलच्या मलमाच्या रूपात मिळते. सामान्यतः पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा, अशी त्याची रीत. फरक जाणवावयास काही आठवडे लागतात. वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्गही अशा मलमाने कमी होतो, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले होते. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, तर मात्र आधी तपासणी हवी. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर त्या डॉक्टरांचा सल्लाही हवा. मलम आपल्या मनाने सुरू करू नये.

यातला महत्त्वाचा शब्द ‘त्यानंतर’ हा आहे. उपचार थांबवला की शोष परत येतो. म्हणजे हा उपचार चालू ठेवण्याचा आहे, आणि नेमके तेच होत नाही. आमच्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका मोठ्या धीराने लातूरला जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटल्या. मलम लावले, बरे वाटले, नळी संपली. दोन महिन्यांनी त्रास पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की ‘औषध लागू पडले नाही’. औषध उत्तम लागू पडले होते. पण आपल्या मनात औषधाचा ‘कोर्स’ असतो. तो पूर्ण होतो, माणूस बरा होतो, चिठ्ठी फेकून दिली जाते. पुढे काय करायचे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि विचारावे कसे, याची वाक्ये त्यांच्याजवळ नव्हती. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईंजवळ ती नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा अडसर भीतीचा. २००२ साली अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. पोटातून घेण्याच्या संयुक्त संप्रेरक गोळ्यांविषयी ते निष्कर्ष होते. पण त्यातून उठलेली भीती स्थानिक मलमांनाही चिकटली, आणि अमेरिकेत त्यांच्या वेष्टनांवरही तोच गंभीर इशारा छापला जाऊ लागला. अशा मलमातून रक्तात जाणारे इस्ट्रोजेन अत्यल्प असते, हे तज्ज्ञ अनेक वर्षे सांगत होते. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील औषध नियामक संस्थेने तो इशारा काढून टाकण्याचे जाहीर केले. ब्रिटनने त्याआधीच, सप्टेंबर २०२२ पासून, पन्नाशीपुढील रजोनिवृत्त स्त्रियांना योनिमार्गात ठेवण्याची एक अल्पमात्रेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, औषधविक्रेत्याशी बोलून घेण्याची मुभा दिली. आपल्याकडे अजून हे मलम काळ्या पिशवीत गुंडाळून मिळते. गावातले दुकान ओळखीचे असते, काउंटरवर कधीकाळचा विद्यार्थी उभा असतो. आठवड्यातून दोनदा लावण्याचे औषध दर दोन-तीन महिन्यांनी तिथे मागायचे, ही कल्पनाच अनेकींना नको वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्या मुलखात बायका पाण्यासाठी आणि मजुरीसाठी झिजतात, तिथे हे शहरी सुखवस्तू दुखणे कशाला? आमचे उत्तर ऊसतोडीच्या फडातून सुरू होते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहांत एक. त्यांतल्या पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवसाचा खाडा पडला तरी दंड, कोपीत न्हाणीची सोय नाही. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, यांवर सतत उपचार घेणे जिथे अशक्य, तिथे ‘एकदाची पिशवी काढून टाका’ हा सल्ला मोहक वाटतो. पिशवीसोबत बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. बीजकोश ठेवले, तरी ती अनेकदा लवकर येते. म्हणजे पन्नाशीपुढचे म्हणून ज्याला आपण बाजूस सारतो, तो शोष पस्तिशीच्या मजूर स्त्रीच्या वाट्याला येतो आणि पुढची चाळीस वर्षे राहतो. मलम लावण्यापूर्वी हात धुवायला पाणी आणि दार लावता येईल अशी जागा लागते. तिला तीही नाही. हे सुखवस्तू दुखणे नव्हे. त्यावरचा उपचार तेवढा आजवर सुखवस्तूंपुरता राहिला आहे.

मोजदादीतही हीच उणीव आहे. १९८९ साली राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झाली होती केवळ ८ टक्क्यांची. न विचारल्याने दुखणे नसते असे नव्हे, हे त्या अभ्यासाने मराठी मुलखातून जगाला दाखवले. तरीही आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांना विचारलेले प्रश्न १५ ते ४९ या वयोगटापुरते आहेत. मूल होण्याचे वय सरले की बाई त्या प्रश्नावलीतून बाहेर पडते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी यात काय करावे? र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी २६ वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना स्वच्छ मराठीत उत्तरे दिली. १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण निबंधमालेवर थांबतो. शरीराविषयी निर्भयपणे आणि सभ्यपणे लिहिलेले हे गद्य भाषेची कमाई म्हणून वर्गात यावे. स्त्रीसाहित्याच्या अभ्यासक्रमात वयात येणे, विवाह, बाळंतपण, वैधव्य यांची वर्णने आहेत. पन्नाशीपुढच्या बाईचा देह मात्र प्रायः त्यागाचे प्रतीक म्हणूनच येतो. विद्यार्थिनींनी आपल्या आयांना, मावश्यांना, आक्कांना विचारून त्यांचे शब्द गोळा करावेत. बोलीभाषेच्या प्रकल्पाला याहून उपयुक्त विषय आम्हांस सुचत नाही.

आणि नवा वाक्प्रचार घडवण्याचे कष्टही घ्यावयास नकोत. तो आपल्याजवळ आहे. लग्नाच्या पंगतीत, एस. टी.त, बाजारच्या दिवशी मुरुडला भेटलेल्या दोन बायका एकमेकींना सहज सांगतात, ‘बी. पी.ची गोळी चालू आहे’, ‘शुगरची चालू आहे’. त्यात लाज नसते, आणि गोळी संपली म्हणून आजार संपला, असेही कुणी मानत नाही. एका पिढीत भाषेने हे पचवले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘चालू ठेवावे’ हे दोन शब्द ठळक लिहावेत आणि तोंडानेही सांगावेत. आम्ही शिक्षकांनी ‘अंगावर काढले’ या वाक्याला निबंधात मिळणारे गुण कमी करावेत. आणि एखादी बाई दुसरीला ‘माझे मलम चालू आहे’ असे म्हणाली, तर ऐकणारीने तिला आवाज खाली करायला सांगू नये.